मॅक्रो फोटोत किड्याचा डोळा शार्प येत नाही? लेन्स विकायला काढण्याआधी हे तपासा

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी सातच्या सुमाराला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आम्ही चार-पाच जण तरी असतोच. गिरिपुष्पाच्या पानांखाली वाकून कोळी शोधायचे, घाणेरीवर बसलेली फुलपाखरं, गवताच्या टोकाला लटकलेल्या टाचण्या (चतुरासारखे बारीक अंगाचे किडे) टिपायच्या, असा आमचा उद्योग. आणि जवळजवळ दर रविवारी कुणी ना कुणी कॅमेऱ्याचा पडदा माझ्यापुढे धरून म्हणतं, “बघा ना दादा, परत सॉफ्ट आलाय. लेन्सच बदलावी म्हणतो.” असे कितीतरी कॅमेरे मी हातात घेऊन बघितले आहेत. लेन्स खरोखर बिघडलेली निघाली ती अगदी मोजक्या वेळा. बाकीच्यांचं काम फुकटात नाहीतर शे-दोनशे रुपयांत झालं. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

लक्षणं

‘सॉफ्ट’ या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळे बिघाड खपतात. ते वेगळे करायचे असतील तर मूळ फाइल लॅपटॉपवर १०० टक्के आकारात उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत बघून काहीही ठरवू नका, ती वाटेतच दाबली जाते. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: डोळा शार्प नसेल, पण या फ्रेममध्ये दुसरं काहीतरी शार्प आहे का?

डोळा धूसर आहे, पण पायावरचे केस किंवा मागच्या पानाची शीर कोरल्यासारखी दिसते: फोकस हुकलाय. लेन्स ठणठणीत आहे.

काहीच शार्प नाही आणि प्रत्येक रेघ एकाच दिशेला ओढलेली किंवा दुहेरी दिसते: काहीतरी हललं. पानासकट सगळं ओढलेलं असेल तर तुमचा हात. फांदी जागेवर आणि फक्त किडा फराटलेला असेल तर किडा.

खोली भरपूर आलीय, पुढचा पायही दिसतो आणि मागचाही, पण बारीक तपशील कुठेच नाही, सगळं सारखंच मऊ: अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) जास्त बंद केलंय.

फोटोवर दुधाची साय आल्यासारखी, काळा रंग राखाडी दिसतो: काच मळली आहे, आत दमट हवा बसली आहे किंवा बुरशी आहे.

मधला भाग छान आणि एकच बाजू कायम सॉफ्ट, फोटो कुठलाही असो: इथे मात्र लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.

फोकस लागतच नाही, मोटर पुढे-मागे फिरत राहते किंवा कॅमेरा फोटोच काढत नाही: बटण, अंतर किंवा संपर्काचे पिन.

आता तपासणी. यात फुकटच्या गोष्टी आधी आणि खर्चाच्या शेवटी आहेत. क्रम मोडू नका. मोडला की न बिघडलेली वस्तू दुरुस्तीला जाते.

काच, मागची सुद्धा

आधी पुढचा यूव्ही फिल्टर काढून एक फोटो घ्या. मॅक्रोमध्ये आपण बऱ्याचदा उजेडाकडे तोंड करून असतो, आणि स्वस्त फिल्टर त्या वेळी सगळा कॉन्ट्रास्ट खातो. मग ब्लोअरने धूळ उडवा आणि त्यानंतरच मायक्रोफायबरने पुसा. धूळ न उडवता पुसलं तर तीच धूळ काचेवर घासली जाते. लेन्सची मागची काच कुणी बघतच नाही. एक्स्टेंशन रिंगा (कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवायच्या पोकळ रिंगा) वापरणाऱ्यांचा तिथे अंगठा लागतोच, आणि पुढच्या काचेपेक्षा मागच्या काचेवरचा ठसा फोटोत जास्त नडतो.

एसी लावलेल्या गाडीतून थेट पावसाळी हवेत कॅमेरा काढला तर काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका. पुढच्या वेळी कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग बॅग उघडा.

बटणं, डायॉप्टर आणि अंतर

लेन्सच्या अंगावर एएफ-एमएफ (ऑटोफोकस की हाताने फोकस) सोडून आणखी एक बटण असतं, फोकसची हद्द ठरवणारं. उदाहरणार्थ, कॅननच्या १०० मिमी एल मॅक्रोवर तीन जागा आहेत: पूर्ण, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटर ते अनंत. बॅगेत घासून ते तिसऱ्या जागी सरकलं की जवळचा किडा त्या लेन्सच्या दृष्टीने नसतोच. बटणावरून बोट फिरवायला दोन सेकंद लागतात, आणि “मोटर गेली” म्हणून आलेल्या कितीतरी लेन्स तेवढ्यावर बऱ्या झाल्या आहेत.

व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी चकती म्हणजे डायॉप्टर. चष्मेवाल्यांनी हे लक्ष देऊन वाचा. मॅक्रोत फोकस हाताने करतात, म्हणजे तो तुमच्या नजरेवर ठरतो. चकती सरकली असेल तर शार्प चित्रही तुम्हाला धूसर दिसतं आणि ते ‘सुधारायला’ जाऊन तुम्ही फोकस घालवता. व्ह्यूफाइंडरच्या आतले शटर-अ‍ॅपर्चरचे आकडे डोळ्याला स्वच्छ दिसेपर्यंत चकती फिरवा. नंतर त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. माझ्या कॅमेऱ्यावर तो कायम असतो.

अंतराचा घोळ नव्याने क्लोज-अप लेन्स (मूळ लेन्सच्या पुढे लावायचं भिंग) घेतलेल्यांत जास्त दिसतो. रेनॉक्स २५० सारखी +८ ताकदीची लेन्स पुढे लावली की किड्यापासून साधारण अकरा-बारा सेंटिमीटरवरच फोकस लागतो. वीतभर लांब उभं राहून फोकस रिंग कितीही फिरवा, काही हाती लागणार नाही. कॅमेरा मागे-पुढे न्यावा लागतो. रिंगांचंही तसंच. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ मिमीच्या किट लेन्सला १८ वर ठेवून ३६ मिमीची रिंग लावली तर फोकसची जागा लेन्सच्या पोटात जाते. रिंगा ५० मिमी किंवा त्यापुढच्या लेन्सवर लावाव्यात.

फोकस हुकतो तो का

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटतोय अशा १:१ मापात, एफ/८ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान) शार्प पट्टा मिळतो साधारण ०.६ मिलिमीटरचा. एफ/११ ला ०.९ च्या आसपास. एफ/२.८ ला जेमतेम ०.२. मापच दुप्पट केलं, म्हणजे २:१, तर एफ/८ लासुद्धा पाव मिलिमीटर. आणि उभा माणूस श्वास घेतो तेव्हा कॅमेरा मिलिमीटरभर सहज पुढे-मागे होतो. म्हणजे ऑटोफोकसने बरोबर डोळाच पकडला, फोकस लागल्याचा हिरवा ठिपका दिसला, तरी बटण दाबेपर्यंत तो पट्टा डोळ्यावरून घसरून गालावर जाऊन बसतो.

मागच्या जुलैत कॉलेजातला एक मुलगा ५० मिमीची लेन्स आणि रिंगांचा संच घेऊन आला होता. गिरिपुष्पाच्या पानावर एक उडी मारणारा कोळी बसला होता, नखाएवढाही नाही. पोराने चाळीसेक फोटो काढले आणि हिरमुसला. लेन्स विकून टाकतो म्हणाला. पडदा मोठा करून बघितला तर एका फोटोत पुढच्या पायावरचा एकेक केस मोजता येत होता. त्या केसांच्या मुळाशी दवाचा थेंब होता आणि थेंबात आमच्या छत्रीची काळी कमान उमटली होती. पुढचे दोन मोठे डोळे मात्र मागे धुक्यात. मी त्याला म्हटलं, “अरे, ही लेन्स विकू नको. थेंबातली छत्री दाखवते ती.”

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. लेन्स एमएफवर टाका. हवं ते माप आधी लावून घ्या आणि फोकस रिंगेला परत हात लावू नका. कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेका. डावा हात पानाच्या देठाजवळ टेकवता आला तर फारच छान, मग कॅमेरा आणि पान एकत्रच हलतात. आता फक्त अंग पुढे नेत डोळा शार्प होताना बघा आणि होण्याच्या किंचित आधीपासून तीन-चार फोटोंची मालिका सोडा. त्यातला एखादा बसतो. श्वास अर्धा सोडून थांबायचं, पूर्ण रोखून धरला की हात थरथरतो.

दुसरं, कोन. कोळ्याचा चेहरा समोरून घेत असाल तर डोळे एका पातळीत असतात, तिथे अर्धा मिलिमीटर पुरतो. टाचणी किंवा चतुर घेताना सेन्सर तिच्या अंगाला समांतर धरा. तिरकं उभं राहिलात तर डोके शार्प आणि शेपूट धूसर येणारच, त्याला कुठलीही लेन्स काही करू शकत नाही.

शटर, वारा आणि स्टॅबिलायझर

“लेन्स १०० मिमीची, म्हणून शटर १/१०० सेकंद पुरे” हा हिशोब लांबच्या दृश्यांसाठी आहे. १:१ ला किडा जेवढा मोठा होतो तेवढाच हाताचा थरथराटही मोठा होतो. फ्लॅशशिवाय हातात धरून काढायचं तर मी १/२५० च्या खाली जात नाही आणि शक्य तर १/५०० ठेवतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

स्टॅबिलायझर इथे फारसा कामाला येत नाही. साधा स्टॅबिलायझर कॅमेऱ्याचं डुलणं सावरतो. जवळून काढताना नडतं ते कॅमेऱ्याचं वर-खाली सरकणं. कॅननने २००९ मध्ये १०० मिमी एलमध्ये हे सरकणंही सावरणारा ‘हायब्रिड’ प्रकार आणला, तरी माप १:१ कडे गेलं की त्याचाही उपयोग कमी होत जातो. पुढे-मागे होण्यावर, म्हणजे फोकस हुकण्यावर, त्यांच्याकडे काहीच इलाज नाही.

वाऱ्यासाठी दहा रुपयांचा उपाय आहे. कपड्यांचा चिमटा एका काडीला बांधा, काडी जमिनीत खोचा आणि चिमट्याने हलणारं देठ हलकेच धरा. फूल तोडू नका. हिवाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ वारा पडलेला असतो आणि थंडीने किडेही जडावलेले असतात, तेव्हा जा. किडा स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका. पहाटे उठायचं तेवढं कष्ट आपण घ्यावं.

अ‍ॅपर्चर

खोली वाढावी म्हणून एफ/२२ लावणं ही नवशिक्यांची अगदी स्वाभाविक चूक आहे. पण जवळ गेल्यावर अ‍ॅपर्चरचा खरा आकडा बदलतो. लिहिलेला आकडा गुणिले (१ अधिक माप). १:१ ला एफ/८ म्हणजे परिणामी एफ/१६, आणि एफ/२२ म्हणजे एफ/४४! एवढ्या बारीक भोकातून येताना प्रकाश कडेला पसरतो आणि सगळा तपशील मऊ होतो. हा लेन्सचा दोष नव्हे, प्रकाशाचा स्वभावच तो. १:१ ला एफ/८ ते एफ/११, २:१ ला एफ/५.६ च्या आसपास, एवढ्यात राहा.

निकॉनच्या मॅक्रो लेन्सवर जवळ गेलं की आकडा आपोआप वाढलेला दिसतो, २.८ ची लेन्स १:१ ला ४.८ वगैरे दाखवते. लेन्स बिघडली म्हणून मला त्याचेही फोन येतात. निकॉन खरा आकडा दाखवतो, कॅनन लिहिलेला. बिघाड काहीच नाही.

नोटेची परीक्षा

इथपर्यंत करूनही समाधान नसेल तर दहा मिनिटं काढून ही परीक्षा घ्या. पुढचा सगळा खर्च हिच्यावर ठरतो.

दहा रुपयांची नवी नोट टेबलावर सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर, लेन्स नोटेला अगदी समांतर. पंखा बंद. आयएसओ १००, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. मागच्या पडद्यावरचा लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हाताने फोकस. मग एफ/४, ५.६, ८, ११, १६, २२ असे सहा फोटो.

नोटेवरच्या बारीक रेघा एफ/८ ला कोरीव आल्या आणि २२ ला मऊ झाल्या, तर लेन्स निर्दोष आहे. मागच्या सगळ्या गोष्टी परत एकदा बघा. एकच बाजू सॉफ्ट आली तर नोट जागेवरच ठेवून कॅमेरा उलटा फिरवा आणि पुन्हा काढा. सॉफ्टपणा नोटेच्या त्याच भागावर राहिला तर तुमची मांडणी तिरकी होती. फ्रेमच्या त्याच बाजूला राहिला तर लेन्समधली काच सरकली असावी. आणि लाइव्ह व्ह्यूत शार्प पण व्ह्यूफाइंडरच्या ऑटोफोकसने कायम सॉफ्ट येत असेल, तर तो डीएसएलआरचा फोकस पुढे-मागे पडण्याचा प्रकार आहे. बऱ्याच वरच्या मॉडेलांत मेन्यूतून तो जुळवता येतो. नाहीतर हाताने फोकस करणं हाच उपाय, जो मॅक्रोत तसाही करायचाच आहे.

रिंगांचे पिन

रिंग लावल्यावर अ‍ॅपर्चरच्या जागी एफ००, किंवा एफ आणि पुढे दोन रेघा दिसल्या, तर कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणं तुटलंय. कॅमेरा बंद करून सोनेरी पिन कोरड्या मायक्रोफायबरने पुसा आणि टकटक आवाज येईपर्यंत रिंग फिरवून बसवा. खोडरबर वापरू नका, त्याचा भुगा आत जातो आणि मुलामा घासला जातो. दोन-तीन रिंगा असतील तर एकेक लावून बघा, खराब असलेली लगेच सापडते.

बिनपिनांच्या स्वस्त रिंगेवर हा आकडा दिसणारच. पण त्याचा परिणाम लक्षात ठेवा: कॅननच्या ईएफ लेन्स त्यावर पूर्ण उघड्या राहतात, म्हणजे वर सांगितलेला ०.२ मिलिमीटरचा पट्टा. निकॉनच्या जी लेन्स उलट पूर्ण बंद होतात आणि व्ह्यूफाइंडर काळोखा होतो. वरच्या मुलाची निम्मी अडचण हीच होती. पिनांच्या रिंगा घेतल्यावर एफ/८ मिळालं आणि दोन रविवारांत कोळ्याचे डोळे आले.

फ्लॅश

पैसे खर्चच करायचे असतील तर लेन्सच्या आधी साधा मॅन्युअल फ्लॅश घ्या. स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर लावायचा वेगळा फ्लॅश) १/१६ ताकदीवर सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकाच पेटतो. तेवढ्यात ना हात हलतो ना मुंगी. शटर १/२००, एफ/११, आयएसओ १०० ते २००, आणि पुढे बटर पेपर किंवा पांढऱ्या फोमचा मोठा डिफ्यूझर, किड्याच्या जितका जवळ नेता येईल तितका. डिफ्यूझर लांब राहिला की ताकद वाढवावी लागते, आणि ताकद वाढली की लखलखाट लांबतो.

फ्लॅश असूनही कडा दुहेरी येत असतील तर दोन गोष्टी बघा. हाय-स्पीड सिंक चुकून चालू असेल तर फ्लॅश एका झटक्यात न पेटता लांबवून पेटतो आणि हालचाल गोठत नाही. ते बंद करा. दुसरं, भर उन्हात उन्हाचं चित्र आणि फ्लॅशचं चित्र एकावर एक बसतात. आयएसओ उतरवा किंवा छत्रीची सावली करा. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्या. जवळजवळ काळा आला पाहिजे.

इथे थांबा

लेन्स कॅमेऱ्यावरून काढून अंधारात मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. उन्हाकडे धरून बघू नका. धुळीचे चार कण दिसतातच, ते सोडून द्या. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले तंतू दिसले तर बुरशी आहे. एका पावसाळ्यात मी दोन लेन्स लोकरी कपड्यांच्या कपाटात ठेवल्या आणि गणपतीत बाहेर काढल्या तेव्हा एकीत हेच होतं. उशीर केला तर बुरशी काचेवरचा लेप खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी करा आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीला न्या. राहिलेल्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा.

नोटेच्या परीक्षेत एक बाजू कायम सॉफ्ट, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल, पडल्यावर आत खुळखुळ, फोकस रिंग मध्येच अडकणं, पिन पुसूनही तोच एरर: या पाचांपैकी काहीही असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. व्हिडिओ बघून लेन्स उघडता येते. काचा पुन्हा त्याच मध्यावर बसवायला जी साधनं लागतात ती आपल्या घरी नसतात. सेन्सरवर ब्लोअरने न जाणारे डाग असतील आणि ओल्या स्वॅबची सवय नसेल तर तेही दुरुस्तीवाल्याकडेच करून घ्या. फ्लॅश तर कधीच उघडायचा नाही. सेल काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठलेली राहू शकते.

दुरुस्तीला जाताना नोटेचे सहाही फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जा, कुठली बाजू सॉफ्ट आहे ते कागदावर लिहून द्या आणि उघडण्याआधी खर्चाचा आकडा मागा. किट लेन्स असेल तर बऱ्याचदा दुरुस्तीपेक्षा जुन्या बाजारात तीच लेन्स स्वस्त पडते. लेन्स परत मिळाली की दुकानातच टॉर्च मारून बघा आणि घरी आल्यावर त्याच नोटेचे सहा फोटो पुन्हा काढून आधीच्यांशेजारी ठेवा.